मोनाचं वकीलपत्र

"मावशी, एक फोन करा ना, प्लीज! इथल्या कोर्टातले ते जज तुमच्याच हाताखाली तयार झालेत."

मोना दारातच रडत उभी होती. तिच्या नवऱ्याला, अंकुरला, सकाळी ऑफिसच्या पार्किंगमधून इमिग्रेशनवाले घेऊन गेले होते. व्हिसाच्या रिन्यूअलमध्ये घोळ झाला होता. आता त्याला मिनेसोटातून टेक्सासला हलवणार, अशी कुणकुण होती.

सुलेखा गद्रेंनी तिला आत घेतलं. आधी गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेल्या वकील, मग फेडरल कोर्टाच्या न्यायाधीश. त्यांची सगळी हयात सरकारी सेवेत गेली होती. त्या काळात कुणी केसबद्दल फोन केला की त्या पुढचं न ऐकता ठेवून देत. सख्ख्या भावाचाही ठेवला होता. तो तेव्हापासून बोलत नव्हता.

"फोन नाही करता येणार, मोना. पण तुझं वकीलपत्र घेते."

निवृत्तीनंतर वकिलीची सनद चालू करून घेतली होती, ती प्रथमच कामी आली. अंकुरला हलवू नये, असा अर्ज स्वतः टाइप केला. दुपारच्या आत त्यांनी तो दाखल केला.

अर्ज त्याच शिष्य न्यायाधीशाकडे गेला. त्यांचं नाव पाहताच त्याने केस सोडली: ज्यांच्याकडे काम केलं, त्यांच्या अर्जावर मी निकाल देणं बरं नाही. अगदी त्यांनी शिकवलं होतं तसंच. नवीन न्यायाधीश दुसऱ्या सुनावणीत अडकल्या होत्या. सुलेखाताई आणि मोना बाकावर बसून राहिल्या. मोना तोंडातल्या तोंडात रामरक्षा म्हणत होती.

अखेर हुकूम झाला: अंकुरला मिनेसोटाबाहेर नेऊ नये.

सरकारी वकील उभा राहिला. "विमान तासाभरापूर्वीच गेलंय."

"मग परत आणा," न्यायाधीश म्हणाल्या. "आत्ता कुठे आहे तो?"

"माहिती घेतोय."

आजवर आपण हुकमावर सही केली की पुढचं सगळं आपोआप होतं, असंच सुलेखाताई धरून चालल्या होत्या.

बाहेर मोनाने त्यांचा दंड घट्ट धरला. "सकाळी फोन केला असता तर तो इथेच असता ना? खरं सांगा, मावशी."

"असता कदाचित."

मोनाने हात सोडला. सुलेखाताई भिंतीला टेकल्या, आणि मोना एकटीच लिफ्टकडे चालत गेली.