दसऱ्याचं कुंकू आणि भीमाबाईचे धवले

मी हार्डडिस्क बोलतेय. पनवेलच्या टक्का गावात, दीपेशच्या टेबलाच्या खणात असते. पुसलं जाताना दुखलं का, असं विचाराल तर नाही. काहीच वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही.

माझ्यात भीमाबाईचा आवाज होता. भीमाबाई म्हणजे दीपेशची आजी, त्याच्या आईची, रंभाची आई. आगरी लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी धवलारीण. दीपेशनं चार वर्षं तिचे धवले मोबाइलवर टिपले आणि माझ्यात ठेवले. मग म्हातारी गेली. आता दीपेशच्या बहिणीचं, मनस्वीचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि हळदीला आपल्या आईचाच आवाज लागला पाहिजे, हा रंभाचा हट्ट.

लग्नाच्या व्हिडिओसाठी दसऱ्याला दीपेशनं अगदी माझ्यासारखीच दुसरी डिस्क आणली होती. फरक एकच, माझ्या पाठीवर जुन्या पूजेचं कुंकू. त्या खुणेवर हे शिकलेले महाशय मला ओळखायचे! यंदा रंभानं पूजेआधी मला ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं. नवीला कुंकू लावलं, तेवढ्यात फोन वाजला आणि मी राहिले ती राहिलेच.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा नवी डिस्क फॉरमॅट करायची म्हणून दीपेशनं बिनकुंकवाची जोडली, लिनक्सवर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. मिनिटभरात मी कोरी. मग धवले ऐकायला दुसरी उघडली तर तीही रिकामी. त्यानं रंभाला हाक मारली.

"आई, आजीचे धवले फॉरमॅट झाले गं."

"म्हंजे? माजे आयेचा आवाज गेला?"

"आवाज आतच आहे. फाइलींची यादी तेवढी पुसली गेलीय. आता हिच्यावर नवीन काही लिहायचं नाही, बस."

"कुंकू मीच पुसला रं, पोरा."

 दीपेशनं माझी हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली आणि त्या नकलेत शोध सुरू केला. आवाजाचे आठशे बारा तुकडे निघाले, नाव एकालाही नाही. रंभा चार दिवस हेडफोन लावून, वाल सोलत ऐकत बसली. कोंबड्या, कुकरच्या शिट्ट्या, कुणाकुणाच्या वराती. चौथ्या दिवशी तिचे हात थांबले. भीमाबाई गात होती, हळदीचाच धवला. अर्ध्यात आवाज तुटला. पुढचं सापडलंच नाही.

हळदीला मांडवात तोच अर्धा धवला लावला. मी लॅपटॉपच्या पिशवीत होते. आवाज तुटला तशा बायका लॅपटॉपकडं वळल्या. आणि "मला नाय येत" असं जन्मभर म्हणणारी रंभा पुढची ओळ गायला लागली. आवाज फाटका, पण चाल पक्की. शेवटपर्यंत गायली बाई!

दीपेशनं ते टिपलं आणि नव्या डिस्कवर ठेवलं. मला आता कुणी जोडत नाही. रंभा कधीतरी खण उघडते, माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट टेकवते, खण लावते. तिच्या आईचा उरलेला धवला माझ्यात कुठंतरी असेलही. म्हणून एवढंच मागणं, माझ्यावर काही लिहू नका.