शारदांबेच्या तसबिरीमागची तार

मी एक जुनी रंगपेटी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. म्हातारी मंडळी गोडगोड आठवणी सांगतात, तसलं माझ्याकडून काही निघायचं नाही. पन्नास वर्षं गप्प बसले, आता ऐकाच.

शिमोग्याच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. सफेदा, काजळ, दाढीमिशांचा डिंक यांना कप्पे केले आणि झाकणाला आतून शारदांबेची तसबीर लावली. गुरुपादप्पांच्या नाटक कंपनीबरोबर मी हुबळी, गदग, राणेबेन्नूर सगळं पालथं घातलं. गुरुपादप्पा कंपनीचे मालक, सगळे त्यांना यजमान म्हणत. ते भीम करायचे. लोक त्यांच्या मुकुटाचं कौतुक करत. अरे, माझ्या रंगाशिवाय हा भीम गावच्या बाजारात कांदे निवडणारा दिसला असता! पण पेटीला कोण विचारतो?

कंपनीची एक रीत होती. खेळाच्या दिवशी कुणाचंही पत्र आलं, तार आली, तर ती आधी यजमानांच्या हातात. ते वाचायचे आणि शारदांबेच्या तसबिरीमागे खोचून ठेवायचे. खेळ संपून मंगलारती झाली की ज्याची त्याला मिळायची. नटाचं चित्त ढळू नये म्हणे. जळो ती रीत!

निंगराज कंपनीत आला तेव्हा वीस वर्षांचा होता. रोणकडच्या खेड्यातला, आई आणि थोरला भाऊ एवढंच घर. पहिले आठ महिने तो नुसता भाला धरून उभा राहिला, पण पडद्यामागे सगळ्यांचे संवाद पाठ. मग दावणगेरेच्या मुक्कामात मुख्य नटाचा घसा बसला आणि निंगराजला अभिमन्यू मिळाला. गावभर त्याच्या नावाची दवंडी फिरली.

खेळ संध्याकाळी होता. सकाळी अकरालाच तार आली. यजमानांनी ती माझ्याजवळ उभं राहून वाचली. भावाने पाठवली होती. ‘अव्वा शेवटची. तुझं नाव घेते. लगेच ये.’

दुपारी दोनला हुबळीची गाडी होती, मित्रांनो. आणि निंगराज दहा पावलांवर, उकडलेल्या शेंगा खात संवाद घोकत बसला होता!

कपडेपट सांभाळणारा बसय्या हळूच म्हणाला, "यजमान, जाऊ द्या की पोराला. आई आहे."

"आणि अभिमन्यू कोण करणार? तू? त्या ढेरीला चक्रव्यूह पुरेल का?" यजमान म्हणाले. "मंगलारतीनंतर देऊ."

तार तसबिरीमागे गेली. बसय्या खाली मान घालून धोतरं मोजत बसला. त्याने पुढेही जन्मात तोंड उघडलं नाही. मी लाकडाची. त्याला काय धाड भरली होती?

संध्याकाळी निंगराज आला आणि शारदांबेला डोकं टेकवलं. कपाळ आणि तार यांच्यामध्ये एक पुठ्ठा होता फक्त. मी करकरले, कुरकुरले. तो म्हणाला, "बिजागरीला तेल पाहिजे हिच्या."

त्याचा अभिमन्यू पाहून बायका हुंदके देऊन रडल्या. मंगलारती झाली. यजमानांचा हात तसबिरीपर्यंत गेला आणि परत आला. "झोपू दे त्याला, सकाळी सांगू," असं पुटपुटले. सकाळी दुसरीच तार आली. अव्वा गेली होती. ती मात्र लगेच दिली.

निंगराज दहा दिवसांनी परतला तो निम्मा होऊन. "भाऊ म्हणतो आदल्या दिवशी तार केली होती. मिळूनही आला नाहीस, नाचत राहिलास, म्हणतो. उंबरा चढू नकोस म्हणाला."

"पोस्टाने खाल्ली असेल रे," यजमान म्हणाले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच दुपारी त्यांनी दाढीच्या डिंकाने तसबीर चारही बाजूंनी पक्की चिकटवून टाकली. पुढे बारा वर्षं निंगराज रोज तिथेच डोकं टेकवत राहिला. भावाने एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. मग कंपनी बुडाली आणि मी माळ्यावर गेले. मला वाळवी लागली, त्याचं काही नाही. पोटातल्या त्या कागदाने मला जास्त पोखरलं.

परवा मला खाली काढलं. यजमानांची नात अनुषा आजोबांवर सिनेमा काढते आहे. सत्तरीच्या निंगराजलाही बोलावलं होतं, म्हाताऱ्या सूत्रधाराचं छोटं काम दिलं होतं. आणि प्रसंग काय, तर सिनेमातले यजमान तार घेऊन धावत येतात, "जा पोरा, खेळ गेला खड्ड्यात!" म्हणतात, आणि पोरगा म्हणतो, "नाही यजमान, आधी खेळ!" डोंबल!

अर्ध्या चेहऱ्याला सफेदा लावलेला निंगराज म्हणाला, "असं नव्हतं गं झालं. ती तार आलीच नव्हती."

"अज्जा, सिनेमात थोडं फुलवावं लागतं," अनुषा हसली.

तेवढ्यात सिनेमातल्या पोराने तावातावाने माझं झाकण उघडून मागे आपटलं. पन्नास वर्षांचा डिंक सुटला. तसबीर खाली पडली आणि तार निंगराजच्या पायाशी आली.

त्याने वाचली. पोस्टाच्या शिक्क्यावरची वेळ बोट ठेवून वाचली. "अकरा," तो म्हणाला. "दोनची गाडी होती."

अनुषाने कागद घेऊन वाचला. चेहरा उतरला तिचा. पण बाहेर दिवे, माणसं, सगळं खोळंबलेलं. ती म्हणाली, "अज्जा, एवढा सीन होऊ दे. मग निवांत बोलू."

"तुझ्या आजोबांची रीतच ही, पोरी," निंगराज म्हणाला आणि तिच्या हातातून तार काढून घेतली. "माझा भाऊ अजून जिवंत आहे. मी चाललो."

तो तसाच निघाला, अर्धा चेहरा पांढरा ठेवून. जाताना माझं झाकण लावलं, पण डोकं टेकवलं नाही.

मित्रांनो, मला तेल लावू नका, संग्रहालयात ठेवू नका, माझी दया तर मुळीच नको. एवढंच करा. दुसऱ्याच्या नावाचा कागद हातात आला, तर तो घेऊन पळत सुटा. तो माणूस दहाच पावलांवर असतो.