तेम्वासाठी न धावलेली गाडी

मी एक जुनी रुग्णगाडी आहे. मला इंजिन नाही, भोंगा नाही, दिवा नाही. दोन चाके, लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर ताणलेली ताडपत्री आणि सायकलच्या मागे अडकवायचा एक दांडा, एवढेच माझे शरीर. मित्रांनो, उत्तर मलावीतल्या डोंगरांत, रुकुरू नदीच्या अलीकडच्या एका गावात मी आयुष्य काढले. चर्चच्या महिला मंडळाने मला बनवून घेतले. ज्या दिवशी मी आले, त्या दिवशी पांढरे पोलके घातलेल्या त्या बायका माझ्याभोवती गात नाचल्या आणि पाळकांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी अगदी फुगून गेले.

मला ओढायचे काम लेव्हिसन म्वेनिफुंबो यांनी पत्करले. ते सुतार होते आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातही होते. दवाखाना अकरा किलोमीटर दूर, सगळा चढउतार. मागे माणूस कण्हत असे आणि पुढे लेव्हिसन धापा टाकत बोलत असत. मन जिथे ठेवाल तिथे ते घर करते, म्हणून ते बायबल सांगते तसे खऱ्या, शुद्ध, चांगल्या गोष्टींवर ठेवावे, यावर त्यांची नितांत श्रद्धा होती.

"एक चांगली गोष्ट सांगा," ते रुग्णाला म्हणत. "देवाने दिलेली. कोणतीही."

एकदा बाळंतपणात अडलेली न्याम्हांगो माझ्यावर पडल्या पडल्या त्यांच्यावर ओरडली होती, "चांगली गोष्ट? तुमचं तोंड बंद होईल ना, ती चांगली गोष्ट!"

"हे मान्य," लेव्हिसन म्हणाले. "आता दुसरी सांगा."

ती कळांमध्येही हसली. तिला मुलगा झाला. परतीच्या वाटेवर तिने आपणहून चार गोष्टी सांगितल्या. असे कितीतरी जण मी नेले. सगळे परत आले नाहीत, पण बरेच आले.

माझ्या देखभालीसाठी एक समिती होती आणि तिचे अध्यक्ष होते हरावा. त्यांचे घर चर्चच्या समोरच. तंबाखूच्या हंगामात त्यांनी मला "दोन दिवसांसाठी" नेले आणि माझ्यावर तंबाखूच्या गाठी लादल्या. आजारी माणसाचे ओझे मला कधी जड वाटले नव्हते, पण त्या गाठींनी माझा कणा वाकला. मग त्यांनी माझे डावे चाक काढून आपल्या ढकलगाडीला बसवले. मी त्यांच्या अंगणात एका अंगावर कलंडून पडले. माझ्या ताडपत्रीवर कोंबड्या बसू लागल्या.

मला परत मागायला लेव्हिसन तीनदा आले. तिसऱ्यांदा हरावा हसून म्हणाले, "अरे, सारखा काय लोकांच्या मरणाचा विचार करतोस? चांगला विचार कर की! जगाला तूच शिकवतोस ना?"

लेव्हिसन खाली मान घालून गेले. तक्रार करणे म्हणजे मन कडू करणे, असे त्यांना वाटले असावे. मला मात्र ओरडावेसे वाटत होते. लोखंडाला वाचा नसते.

पुढच्याच आठवड्यात, एका सकाळी, ते धावत आले. त्यांची मुलगी तेम्वा पहिलटकरीण होती आणि तिला रक्त जात होते. त्यांनी माझा दांडा धरला, मला उचलले आणि मग त्यांची नजर माझ्या रिकाम्या बाजूवर गेली. ढकलगाडी शेतावर गेली होती. कुठल्या शेतावर, ते हरावांच्या बायकोला सांगता येईना. लेव्हिसननी एकच शब्द उच्चारला, "प्रभू." आणि ते रिकाम्या हातांनी पळत गेले.

पुढचे मी पाहिले नाही. नंतर माझी दुरुस्ती करताना ते स्वतःशी पुटपुटत होते, तेव्हा मला कळले. त्यांनी तेम्वाला सायकलच्या कॅरिअरवर बसवले आणि कापडाने स्वतःच्या पाठीशी बांधले. वाटेवरच्या रुकुरूच्या पुलाजवळ त्यांनी सवयीने विचारले, "बाळा, एक चांगली गोष्ट सांग."

ती म्हणाली, "बाबा, आज नको."

दवाखान्याचे छप्पर दिसू लागले तेव्हा तिचे डोके त्यांच्या पाठीवर जड झाले. मूलही वाचले नाही.

अंत्यविधीला सारा गाव चर्चच्या पटांगणात जमला. मी समोरच पडून होते. हरावा बोलायला उभे राहिले. म्हणाले, "ही देवाची इच्छा. आता मनात वाईट काही आणू नका. फक्त चांगल्याचा विचार करा."

तेव्हा लेव्हिसन उठले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"चांगल्याच्या आधी खरं येतं, हरावा. चाक कुठे आहे?"

हरावांनी पाळकांकडे पाहिले. पाळकांनी घाईने गीत सुरू केले.

वडीलमंडळाने लेव्हिसनना सहा महिने पदावरून दूर ठेवले, कारण त्यांनी मयताच्या प्रसंगी शांतता भंग केली होती. हरावा अध्यक्षच राहिले. चाक त्यांच्या बायकोने लेव्हिसनना आणून दिले आणि ती निघून गेली. लेव्हिसननी ते बसवले आणि माझा कणा ठोकून सरळ केला. ज्या गाडीने त्यांच्या मुलीला नेता आले असते, त्याच गाडीने ते पुन्हा इतरांच्या मुली नेऊ लागले.

आजही नेतात. मित्रांनो, त्यांचे मन शांत झाले, असे मी खोटे सांगणार नाही. ते रोज हरावांसाठी प्रार्थना करायला बसतात आणि बहुतेक दिवशी नावाच्या पुढे जाऊ शकत नाहीत. पुलावर त्यांचे पाय थांबतात. मग ते मुद्दाम, जोर लावून, लहानपणीची तेम्वा आठवतात. लाकडाच्या भुशात लोळून पांढरी झालेली, त्यांच्या रंध्यावर बसून "ओढा मला" म्हणणारी. प्रभूचे आभार मानतात आणि पेडल मारतात. हे त्यांना दर वेळी नव्याने करावे लागते.

मला गंज चढला आहे. मला तेल द्या, माझे खिळे आवळा, माझ्यावर गाठी लादू नका. आणि एखाद्या दुःखी माणसाला चांगला विचार करायला सांगायला जाल, तेव्हा त्याचे घेतलेले चाक आधी परत करा.