पक्क्या रंगाची भिंत

'वर्षाच्या आत टेकडीवर घरोघरी पाणी.' टेकडीच्या पायथ्याच्या भिंतीवरचं हे वाक्य लोक थांबून वाचायचे आणि हसायचे. वर्ष कधीच उलटलं होतं आणि टेकडीवर अजून टँकरच येत होता, तोही मनात आलं तर. वचन होतं नव्या नगराध्यक्षांचं, म्हणजे पेंटरच्या थोरल्या ताईचं. भिंतीवर लिहिलं होतं पेंटरने.

निवडणुकीच्या भिंती कच्च्या रंगाने रंगवायची रीत. मतदान झालं की धुऊन टाकायच्या. पेंटरने मात्र ही एक भिंत तेलरंगात रंगवली आणि कुणाला बोलला नाही.

आता तिथून ताईची गाडी जाताना रोज कुणीतरी काच वाजवायचं, ताई, पाणी कुठवर आलं? ताईने वैतागून नगरपालिकेची माणसं पाठवली आणि भिंतीला चुना फासला. तेलरंगावर चुना धरतो थोडाच! चार उन्हं लागताच पोपडे सुटले आणि आधी 'पाणी'च उघडं पडलं. गावाला आयतंच मिळालं. ताईने लोकांना चुना लावला, पण भिंत काही फसली नाही, असं जो तो म्हणू लागला.

ताई तणतणत भावाच्या दुकानात आली आणि तेलरंगाचा डबा घेऊन त्याला भिंतीशी घेऊन गेली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिचा शब्द मोडणं त्याला आजवर जमलं नव्हतं, आणि आज मोडला तर ती कायमची दुरावेल याची त्याला भीती वाटत होती.

"पक्का रंग लावायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मग मुद्दाम केलंस?"

"मुद्दामच. मला वाटलं, हे पुसायची वेळच येणार नाही."

ताईने डबा त्याच्यापुढे सरकवला. पेंटरने डबा उघडला, ब्रश बुडवला, पण हात पुढे जाईना. वरून दोन बायका रिकाम्या कळश्या घेऊन उतरत होत्या. ताईला पाहून त्या थांबल्या. या वेळी त्यांनी काही विचारलंही नाही.

"राहू दे," ताई भावाला म्हणाली. मग बायकांकडे वळली. "संध्याकाळी सगळ्यांना इथेच बोलवा. पाणी का आलं नाही ते मी सांगते. शिव्या द्यायच्या तर तेव्हाच द्या."

पेंटरने ब्रश पुसला आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.