कुणालाही सुचलं असतं

"हे तर कुणालाही सुचलं असतं," असं कंपनीचा वकील तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी लंकाबाई. सातपूरला शर्टाच्या कारखान्यात अकरा वर्षं प्रेसवर उभी होते. कॉलरच्या आतला कॅनव्हास गरम प्लेटखाली दाबून चिकटवायचा. कॉलर गरम असतानाच उचलली की आतला गोंद सुटायचा, कापडाला फुगे यायचे आणि शिव्या मला बसायच्या. एकदा घाईत मी गरम कॉलर पाण्याच्या कळशीखाली ठेवली. तिला एकही फुगा आला नाही.

कारखान्यात सूचनापेटी होती. चांगल्या सूचनेला स्टीलचा डबा मिळायचा. मी चिठ्ठी टाकली. डबा नाही मिळाला, चिठ्ठी परत आली. पुढे नोकरी सोडल्यावर माझा भाऊ गेणू, तो लेथवर काम करतो, त्याने गरम प्लेटीला लागून पाणी फिरणारी थंड प्लेट बसवली. आम्ही पेटंटचा अर्ज केला. कंपनीने तसंच मशीन बनवून घेतलं आणि वर आमच्याच अर्जाला हरकत घेतली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

मुंबईला पेटंट ऑफिसात सुनावणी झाली, तिथल्या साहेबांनी नीट समजावलं. धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही. वकिलाने दोन जुने कागद काढले, एकात गरम प्लेट, दुसऱ्यात थंड. जोडायला काय अक्कल लागते, म्हणाला. शेजारी कंपनीचे इंजिनियर देवरे मान डोलवत होते.

मी रेशनकार्डाच्या पिशवीतून ती चिठ्ठी काढली. नऊ वर्षं निव्वळ रागाने जपली होती. वर माझं अक्षर: गरम प्लेटनंतर लगेच थंड प्लेटखाली दाबावे. खाली लाल शाईत: "चालणार नाही. गार केल्यास गोंद धरणार नाही. विचार करून लिहावे." सही देवऱ्यांची, साल १९९८.

साहेबांनी देवऱ्यांना विचारलं, तेव्हा या धंद्यात तुम्हाला किती वर्षं झाली होती?

"चौदा," देवरे म्हणाले.

मी उठले. "साहेब, मी लिहून दिलं तरी यांना पटलं नाही. मग न सांगता कुणाला सुचणार होतं?"

साहेबांनी चिठ्ठी फाइलला लावायला मागितली. मी म्हटलं, देते, पण आधी पोच द्या.