दवाखान्यातला वजनकाटा सांगतो

मी एक जुना वजनकाटा आहे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवर, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, चरबी काढून पोट-कंबरेला आकार देणाऱ्या एका दवाखान्यात पंधरा वर्षं उभा आहे. मित्रांनो, मला एकाच कामासाठी घडवलं, खरं वजन सांगायला. एवढंसं काम करून इतक्या शिव्या खाणारा दुसरा कोणी असेल तर मला दाखवा. लोक श्वास रोखून चढतात, कानातले काढून चढतात आणि उतरताना मलाच लाथ मारतात.

नोलीनबाईंचंच घ्या. त्या शाळेची बस चालवत. रोज सकाळी मैत्रिणींबरोबर समुद्रात पोहत, तरी दोन बाळंतपणांनंतरचं पोट काही हटेना. सगळ्यांत त्या एकट्याच ढगळ शर्ट घालून पाण्यात उतरायच्या. त्याची त्यांना फार लाज वाटे. डॉक्टरांनी नीट बजावलं होतं, "बारीक नळीने कातडीखालची चरबी ओढून घेतो. आकार बदलेल, वजन फारसं उतरणार नाही. सहा आठवडे घट्ट पट्टा बांधा, पाणी भरपूर प्या." बाईंनी मान डोलावली. मान सगळेच डोलावतात.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी त्या माझ्यावर चढल्या. दोन किलो जास्तच.

"टॅमसिन, काटा बिघडलाय गं तुमचा."

"काटा ठणठणीत आहे. सूज आहे ही, आत पाणी साठतं," टॅमसिन नर्स म्हणाली. "आकडा कशाला हवाय? सूज उतरली की टेपने कंबर मोजू."

"अगं, पोहून कॉफीला बसलं की सगळ्या विचारतात, किती किलो उतरलं? त्यांना काय टेप दाखवू?"

पाणी साठतं, एवढंच बाईंनी ऐकलं. घरी जाऊन पाणी पिणंच सोडलं. डिसेंबरचा उकाडा, अंगाला घट्ट पट्टा, आणि दिवसभरात दोन घोट.

आठवड्याने परत आल्या. ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक. मी गेल्या वेळेपेक्षा चार किलो कमी दाखवले, कारण ते खरं होतं.

"बघ, उतरलं की नाही वजन?" बाई हसल्या आणि जागच्या जागी कोसळल्या. टॅमसिनने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. "अजून दोन दिवस गेले असते तर मूत्रपिंडं गेली असती," डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर येताच बाईंनी विचारलं, "या सलाईनने वजन वाढेल का गं?"

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, सपाट फरशीवर ठेवा, वर्षातून एकदा तपासून घ्या. मी किती कमी झालं ते सांगेन. काय कमी झालं, ते मला कळत नाही. ते तुम्ही विचारत चला.