पुठ्ठ्याचा बोर्ड

सतरा सेंटिमीटर लांब, सतरा सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा मदरबोर्डावर मोठ्या सर्व्हरचा प्रोसेसर बसवायचा, म्हणजे चौघांच्या घरात चाळीस पाहुणे उतरवायचे. प्रोसेसरचं सॉकेटच पाव जागा गिळतं. मामांनी ते साडेचार महिन्यांत जमवलं. सॉकेट आडवं फिरवलं, मेमरी लॅपटॉपची छोटी घेतली, आणि तरी जागा पुरेना तेव्हा वीज साठवणाऱ्या सात बारीक कपॅसिटरची एक रांग बोर्डाच्या खालच्या बाजूला ढकलली.

ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणत, कारण साहेब म्हणत. साहेब त्यांचा सख्खा भाचा. बहिणीच्या शब्दाखातर मामांनीच त्याला इथे चिकटवला होता आणि शेजारी बसवून काम शिकवलं होतं. भाचा हुशार निघाला. मामा टेबलावरच राहिले आणि तो केबिनमध्ये गेला. त्या दिवसापासून ऑफिसात दोघांमध्ये 'तू'चा 'तुम्ही' झाला. मान वाढला म्हणून नव्हे, अंतर वाढलं म्हणून. इथली रीत अशी की ज्याचा बोर्ड, त्याचं नाव बॅटरीच्या शेजारी पांढऱ्या शाईत छापायचं. मामांच्या मागच्या अकरा बोर्डांवर भाच्याचं नाव होतं. आयत्या बिळावर नागोबा. भाच्याने मामांनाच मामा बनवलं, असं पोरं चहाच्या मशीनपाशी म्हणत, आणि मामांना ते ऐकू येई.

मामांची एक जुनी खोड होती. बोर्ड कारखान्यात पाठवण्याआधी ते त्याच्या दोन्ही बाजू मापात कागदावर छापत, पुठ्ठ्याला चिकटवत आणि खरे सुटे भाग हाताने त्यावर ठेवून बघत.

"हे सगळं आता सॉफ्टवेअर तपासतं," भाचा म्हणे.

"त्याला जेवढं सांगाल तेवढंच त्याला कळतं," मामा म्हणत.

बोर्डाची फाइल कारखान्यात पाठवायच्या शुक्रवारी सकाळी गिऱ्हाइकाकडून एक खोकं आलं. सॉकेटच्या मागे, बोर्डाच्या पाठीला, एक लोखंडी चौकट लागते. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे स्क्रू तिच्यात आवळतात. ती चौकट गिऱ्हाइकाने बदलली होती, एका बाजूने थोडी रुंद केली होती, आणि सॉफ्टवेअरला हे कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी पुठ्ठा उलटा करून चौकट त्यावर ठेवली. तिची कड नेमकी कपॅसिटरच्या रांगेवर आली. स्क्रू आवळले की साती कपॅसिटरांचा चुरा होणार. मामांनी लाल पेन्सिलीने रांगेभोवती गोल काढला. रांग चार मिलिमीटर सरकवली की झालं, दोन तासांचं काम. पुठ्ठा घेऊन ते केबिनकडे गेले.

आत गिऱ्हाईक बसलं होतं. भाचा रंगात आला होता.

"सॉकेट आडवं फिरवायचं मला आंघोळ करताना सुचलं," तो सांगत होता.

मामा दारात थबकले. "साहेब, जरा एक दाखवायचं होतं."

भाच्याने पुठ्ठा पाहिला आणि पाहुण्याकडे वळून हसला. "हे आमचे मामा. अजून कात्री आणि डिंक घेऊन बोर्ड बनवतात. मामा, आज फाइल जाऊ द्या, मग सोमवारी खेळा."

पाहुणाही हसला.

"बरं," मामा म्हणाले.

परत येऊन त्यांनी पुठ्ठा खणात टाकला आणि खण लावून घेतला. आंघोळ करताना सुचलं म्हणे. होऊ दे, एकदा दात घशात जाऊ देत याचे. संध्याकाळी फाइल गेली. छपाई सुरू व्हायला अजून तीन दिवस होते, एका फोनचं काम होतं. रविवारी ते बहिणीकडे जेवायला गेले. भाचा समोरच बसला होता, काहीतरी बोलायचं असल्यासारखा घुटमळत होता. मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पोटभर जेवले आणि घरी आले.

महिन्याने तीनशे बोर्ड आले. पहिल्याला गिऱ्हाइकासमोरच चौकट लावली, स्क्रू आवळले, वीज दिली आणि धूर निघाला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. मामांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

मग सवयीने त्यांनी जळका बोर्ड हातात घेतला आणि बॅटरीच्या शेजारी पाहिलं. तिथे भाच्याचं नाव नव्हतं. पांढऱ्या शाईत, बारीक पण स्वच्छ, 'मामा' असं छापलं होतं.

तेवढ्यात मालक आले. त्यांनीही ते वाचलं आणि मामांकडे बोट केलं. "म्हणजे हे तुमचं काम?"

"नाव त्यांचं आहे, शेवटची सही माझी," भाचा म्हणाला. "चूक माझी."

दुपारी त्याला घरी जायला सांगितलं. खोक्यात सामान भरून तो मामांच्या टेबलापाशी आला.

"मामा, त्या दिवशी पाहुण्यासमोर तुला नको ते बोललो," तो म्हणाला. किती वर्षांनी ऑफिसात त्याने 'तू' म्हटलं होतं. "तोंडाने माफी मागवेना. म्हणून फाइल जाताना माझं नाव काढून तुझं घातलं. तेही नेमकं असल्या बोर्डावर."

मामांनी टेबलावरचे सुटे स्क्रू डबीत भरायला घेतले.

"तू काय दाखवायला आला होतास रे तेव्हा?"

"काही नाही," मामा म्हणाले. "असंच."

"तो पुठ्ठा मला देशील? आठवण म्हणून ठेवेन."

पुठ्ठा खणातच होता, लाल गोलासकट. मामांचा गुडघा खणाला टेकलेला होता.

"फेकला," ते म्हणाले.

भाच्याने मान हलवली. "रविवारी ये जेवायला. आई वाट बघेल."

"येतो."

तो खोकं सावरत लिफ्टकडे गेला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मामांनी गुडघा हलवला नाही.